दहावीच्या इंग्रजीच्या नावाखाली ३४,००० रुपयांचं कर्ज गळ्यात मारलं

टॅबवरच्या इंग्रजी कोर्सची किंमत ३८,९९९ रुपये. त्यातले ४,९९९ घरी आलेल्या माणसानं त्याच दिवशी फोनवरून भरून घेतले. उरलेल्या ३४,००० रुपयांचं कर्ज माझ्या मिस्टरांच्या नावावर चढवलं, वर १,१८० रुपये प्रोसेसिंग फी. हे 'फीचे हप्ते' नसून कर्ज आहे, हे आम्हाला पहिले ४,२५० रुपये खात्यातून गेले तेव्हा उमगलं. आणि ज्या इंग्रजीसाठी हे सगळं केलं, त्या इंग्रजीचा आमच्या बोर्डाच्या पेपरशी धड संबंधही नव्हता. अजून बोर्डाची परीक्षा व्हायचीय, अजून अनेकांच्या घरी ही माणसं बसतील, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय.

आमचं मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. मुलगी मराठी माध्यमात दहावीला. गणित, विज्ञान चांगलं आहे, इंग्रजीनं मात्र तिला पाचवीपासून छळलंय. उतारा वाचते, समजतो, पण उत्तर लिहायला घेतलं की वाक्य मोडतं. घटक चाचणीत मार्क कमी पडले आणि त्याच आठवड्यात फोन आला, "ताई, आमच्याकडून मोफत लेव्हल टेस्ट आहे, घरी येऊन घेतो." शाळेचं नाव, इयत्ता, माझा नंबर त्यांना कुठून मिळाला? शाळेबाहेर 'स्कॉलरशिप' म्हणून एक फॉर्म वाटला होता, त्यावर मुलांनी सगळं लिहून दिलं होतं. तिथूनच गेलं असणार. मुलांना आजच सांगून ठेवा, कुठल्याही फॉर्मवर आईबापाचा नंबर लिहायचा नाही.

टेस्ट टॅबवर झाली. ४० पैकी ११. टेस्ट घ्यायला आलेल्या कंपनीच्या मुलानं तोंड पाडून सांगितलं, "ताई, ही सहावीची लेव्हल आहे. अशीच राहिली तर बोर्डात इंग्रजी जाणार, आणि इंग्रजी गेलं की वर्ष गेलं." आता कळतंय, आमच्या गल्लीत त्यानं ज्या ज्या मुलांची टेस्ट घेतली त्या सगळ्यांना ११ ते १४ च्या मधेच मार्क पडले. वर्गात पहिला येणाऱ्या मुलालाही १३. आणि वर्ष गेलं हेही खोटं. दहावीला एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षाही होते. हे त्याला नक्की माहीत होतं, सांगायचं नव्हतं. आम्हाला त्या क्षणी आठवलं नाही. समोर पोरगी रडायच्या बेतात बसलेली, कुणाला आठवेल?

ज्या गोष्टीवरून माझा जीव सगळ्यात जास्त जळतो ती आता सांगते.

त्यानं नमुन्याचा पेपर दाखवला. सेक्शन ए रीडिंग, सेक्शन बी रायटिंग अँड ग्रामर, सेक्शन सी लिटरेचर. मुलगी हळूच म्हणाली, "सर, आमची कृतिपत्रिका अशी नसते. आमच्यात शेवटी ट्रान्सलेशन असतं." तो क्षणभर थांबला. कृतिपत्रिका म्हणजे आमच्या बोर्डाची प्रश्नपत्रिका; हा शब्दच त्याला माहीत नव्हता, त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग म्हणाला, "बेटा, ८० मार्कांचा पेपर सगळीकडे सारखाच. ट्रान्सलेशन पण येईल अपडेटमध्ये." तिथंच त्याला दार दाखवायला हवं होतं. पोरीनं नेमकं बोट ठेवलं होतं! पण ८० मार्क खरंच दोन्हीकडे असतात, म्हणून बोलणं पटण्यासारखं वाटलं. तो पेपर सीबीएसईचा होता. आमच्या राज्य मंडळाच्या, मराठी माध्यमाच्या मुलांच्या कृतिपत्रिकेत भाषा अभ्यास वेगळा, पाठातले उतारे वेगळे, कविता वेगळी, न वाचलेला उतारा आणि त्याचा सारांश वेगळा, आणि शेवटी ५ गुणांचं भाषांतर. दोन्हींचा साचाच निराळा. माझं शिक्षण बारावीपर्यंत, तेही वीस वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीनं झालेलं. मी घरी ब्लाउज शिवते. हा फरक मला कसा दिसणार होता? जो विकायला आला त्याला तो माहीत असायला हवा, की घेणाऱ्याला?

मग ओटीपी. मिस्टरांचं आधार, पॅन, पासबुकाचा फोटो घेतला, "ईएमआयसाठी केवायसी" म्हणून. फोनवर मेसेज आला, इंग्रजीत, लांबलचक. मुलीनं वाचला आणि म्हणाली, "आई, यात लोन असं लिहिलंय." तो हसला. "बँकेची टेम्प्लेट तशीच असते ताई. खरं कर्ज काढायला बँकेत जाऊन सह्या कराव्या लागतात ना?" आमचं आजवरचं सगळं कर्ज सोसायटीतून नाहीतर बँकेतून, जामीनदार घेऊन, सह्या करूनच झालेलं. त्यामुळं हे म्हणणं खोटं वाटलं नाही. आता मोबाईलवर चार आकडे सांगितले की कर्ज होतं. ज्या मेसेजमध्ये लोन, लेंडर (कर्ज देणारी कंपनी), मँडेट (खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी) यातला एक शब्द जरी दिसला तरी ओटीपी सांगू नका. समोरचा कितीही घाई करू दे.

आणि ते सील! "पसंत नाही पडलं तर १५ दिवसांत पूर्ण रिफंड," हे त्यानं दोनदा सांगितलं. टॅबचा खोका आणला, चारी बाजूंनी कंपनीची चिकटपट्टी लावलेला. "थांबा, चालू करून देतो" म्हणत त्यानं स्वतःच खिशातल्या किल्लीनं पट्टी फाडली, टॅब काढला, मुलीच्या नावानं लॉगिन केलं. आठवड्यानं मी रिफंड मागितला तर कस्टमर केअरची बाई म्हणते, "मॅडम, सील तुटलं आणि लॉगिन झालं की रिफंड लागू होत नाही. अटींमध्ये आहे." सील कुणी तोडलं? तुमच्याच माणसानं. "त्याची नोंद आमच्याकडे नाही." त्या मुलाचा नंबर तोवर बंद. खोका घरात आला तरी कुणालाही हात लावू देऊ नका.

आत काय होतं तेही सांगते. व्हिडिओ हिंदीत. उताऱ्याखाली नुसते चार पर्याय, एकावर बोट ठेवायचं. आमच्या मुलांना बोर्डात वाक्य लिहावं लागतं, वेब म्हणजे मुद्द्यांचं जाळं पूर्ण करावं लागतं, स्वतःचं मत दोन-तीन ओळींत मांडावं लागतं. माझी मुलगी अडते ते नेमकं तिथंच, आणि त्याचा सराव एका ओळीचाही नाही. कोर्समधल्या व्याकरणाच्या उत्तरसूचीत 'नो सूनर'चं वाक्य होतं: 'नो सूनर डिड ही रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट.' मुलीनं तसंच पाठ केलं आणि शाळेत लिहिलं. सरांनी लाल शाईनं दोन ठिकाणी गोल केले. 'डिड'नंतर 'रीच' पाहिजे, आणि 'नो सूनर'ला जोडी 'दॅन'ची, 'व्हेन'ची नव्हे. हे वाक्य दहावीच्या प्रत्येक गाईडमध्ये असतं आणि ३८,९९९ रुपये घेणाऱ्यांना ते धड लिहिता येत नाही. सरांनी विचारलं, कुठून शिकलीस? ती घरी येऊन मला काहीच बोलली नाही, वही मीच उघडली तेव्हा कळलं.

'महाराष्ट्र बोर्ड स्पेशल क्वेश्चन बँक' म्हणून एक पीडीएफ होतं, तेवढं आमच्या कामाचं निघालं. तेही कोरोनाच्या काळात राज्याच्या एससीईआरटीनं, म्हणजे सरकारच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनं, फुकट दिलेली प्रश्नपेढी. प्रत्येक पानावर कंपनीचा लोगो चिकटवलेला आणि त्याखाली मूळ छाप अर्धवट दिसतेय. बालभारतीची पुस्तकंसुद्धा ई-बालभारतीवर मोफत उतरवता येतात. जुन्या कृतिपत्रिका शाळेत सरांकडे असतात, मागितल्या की झेरॉक्स मिळते. आम्हालाही मिळाली, पण पैसे गेल्यावर. आता सर तिच्याकडून रोज एक न वाचलेला उतारा पाच-सहा वाक्यांत सारांश करून घेतात, शीर्षक देऊन, आणि वही तपासतात. तिचं वाक्य सुधारतंय ते त्या वहीतून.

यानंतर आम्ही ज्या ज्या दारात गेलो त्याचा राग मला कंपनीइतकाच आहे.

पोलीस ठाण्यात अंमलदारांनी विचारलं, "टॅब मिळाला ना? मग फसवणूक कुठली? ही दिवाणी बाब आहे." मी म्हटलं, साहेब, कर्ज आहे हे लपवून ओटीपी घेतला, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? "ताई, कायदा आम्हाला शिकवू नका." अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. मिस्टर खाली बसून राहिले तेव्हा कुठं शिक्का मारून दिला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला. तिथं उत्तर, व्यवहार तुम्हीच ओटीपी देऊन मंजूर केलाय. बँकेत गेलो तर "मँडेट तुम्ही दिलंय, कंपनीकडून बंद करून आणा." कंपनी म्हणते लेंडरला विचारा. लेंडर म्हणतो कोर्सशी आमचा संबंध नाही, हप्ता भरा. अर्थात, कोर्सचे पैसे त्यानं कंपनीला आधीच देऊन टाकलेत, कंपनीला आता कशाची फिकीर? शेवटी बँकेत मँडेट रद्द करण्याचा लेखी अर्ज दिला. मंजूर होईतो खात्यात पैसे ठेवले नाहीत, तर दोनदा ५९० रुपये बाउन्स चार्ज लागला. आणि मँडेट रद्द झालं म्हणून कर्ज संपत नाही, सिबिलवर, म्हणजे बँका बघतात त्या कर्जाच्या नोंदीत, ते दिसतच राहतं. उद्या म्हशीसाठी कर्ज मागायला गेलो तर बँक आम्हालाच बुडवे म्हणणार.

शिक्षण विभागात तर बसायलाही सांगितलं नाही. "आमच्याकडे शाळा. खासगी क्लासचं आमच्या अखत्यारीत नाही." मी सोबत कागद नेला होता. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात: १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश द्यायचा नाही, मार्कांची हमी द्यायची नाही, मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करायची. माझी मुलगी १५ वर्षांची आहे. साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हे केंद्राचं आहे, राज्यात तसा कायदा झाल्याशिवाय आम्ही काय करणार?" याच मंत्रालयानं त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या, कंपन्यांबद्दल लोकांना इशारा दिला होता, ऑटो-डेबिट टाळा, माहीत नसलेल्या कर्जासाठी सही करू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. तो इशारा आमच्यापर्यंत कुणी पोचवला? शाळेच्या फलकावर लागला? पालक सभेत कुणी वाचला? गणवेशाच्या रंगावर तासभर बोलतात, यावर एक वाक्य नाही. दिल्लीत कागद निघतो, पोर आमचं गल्लीत नागवलं जातं आणि मधल्या प्रत्येक टेबलावर 'आमचं काम नाही' एवढंच ऐकायला मिळतं. अर्ज आम्ही लिहायचे, झेरॉक्सचे पैसे आम्ही घालायचे, शिवणाची कामं सोडून आम्ही रांगेत उभं राहायचं. ज्यानं फसवलं त्याला साधा एक फोन करायची तसदी एकाही साहेबानं घेतली नाही!

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर निदान तक्रारीचा नंबर तरी मिळाला. कंपनीनं तिथं उत्तर दिलं, 'विद्यार्थिनीनं प्रॉडक्ट वापरलं आहे,' आणि तक्रार बंद झाली. पण तो नंबर पुढं उपयोगी पडला, म्हणून आधी तिथं नोंदवाच. लेंडरला लेखी तक्रार ईमेलनंच करा, फोनवरचं बोलणं कुठंच उरत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, पैसे लागत नाहीत. डिजिटल कर्ज ठरावीक मुदतीत परत करून मोकळं होण्याची सोयही रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे, ती मुदत कर्जाच्या कागदातच लिहिलेली असते. म्हणून तो कागद पहिल्याच दिवशी मागून घ्या. आम्हाला तो मिळाला तोवर मुदत उलटली होती.

आतापर्यंत आमचे ४,९९९, प्रोसेसिंगचे १,१८०, तीन हप्त्यांचे १२,७५० आणि बाउन्सचे १,१८०, मिळून २०,१०९ रुपये गेलेत. उरलेले २१,२५० भरायला आम्ही नकार दिलाय. वसुलीवाला सकाळी फोन करतो, शेजाऱ्यांना सांगेन म्हणतो. सांग म्हटलं, मीच सगळ्यांना सांगतेय.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय, कंपनी आणि लेंडर दोघांनाही पार्टी करून. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तिथल्या बाबूंनी पहिल्यांदा विचारलं ते हे: १५ दिवसांच्या रिफंडचं लेखी काय आहे, खोका कुणी उघडला, साक्षीदार कोण. आमच्याकडे साक्षीला शेजारच्या काकू आहेत, त्या वेळी भाजी निवडत तिथंच बसल्या होत्या. ज्यांच्या घरी असाच खोका आलाय त्यांनी तारीख, माणसाचं नाव, त्याच्या गाडीचा नंबर आणि तेव्हा घरात कोण कोण होतं ते आजच एका कागदावर लिहून ठेवा, मेसेज एकही पुसू नका, आणि टॅब कुरिअरनं परत मागितला तर पावती घेतल्याशिवाय हातातून सोडू नका.