आठ पट की दहा पट? पक्षिनिरीक्षणासाठी दुर्बीण निवडताना

चोपड्याच्या माझ्या भाच्याला पहिली दुर्बीण घ्यायची आहे, आणि ८×४२ घ्यावी की १०×५० यावर तो अडला आहे. (पहिला आकडा म्हणजे चित्र किती पट मोठे दिसते तो, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास.) खोक्यावरचे मोठमोठे आकडे बाजूला ठेवून पाहू.

उजेडाचा फरक नगण्य आहे. भिंगाचा व्यास भागिले पट केले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ती एकीत सव्वापाच, तर दुसरीत पाच मिलिमीटर भरते.

खरा फरक हाताच्या कंपात आहे, कारण चित्र जितके मोठे होते तितकीच थरथरही वाढते. सातपुड्यातल्या पाल गावाजवळच्या जंगलात चढण चढून धाप लागलेली असताना, सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसलेला रानपिंगळा (नामशेष समजली गेलेली, पण १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडलेली घुबडाची छोटी जात) मी दहा पटीतून पाहिला, तेव्हा साध्या पिंगळ्यासारखे त्याच्या डोक्यावर ठळक ठिपके आहेत की नाहीत, हेच ठरेना. आठ पटीत दृश्य स्थिर राहते आणि सहसा अधिक रुंद असल्याने पक्षी चटकन सापडतो. वजनही साधारणपणे कमी असते.

किंमत बेताची असेल तर दोन्हींत पोरो प्रिझमचीच (पुढची भिंगे डोळ्यांच्या भिंगांच्या सरळ रेषेत नसलेली, जुन्या घाटाची) घ्यावी. त्याच पैशांत चित्र बहुधा अधिक स्वच्छ मिळते. ओलाव्यापासून मात्र ती जपावी लागते.

हतनूर धरणाच्या काठावर तिवईला लावून दूरची बदके पाहायची असतील, तर १०×५० योग्य ठरेल. सातपुड्यात पायी हिंडणाऱ्याने, म्हणजे माझ्या भाच्याने, ८×४२च घ्यावी.