ईएसआर पोलादाचा ब्लॉक: सहा महिने वापरल्यानंतर

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझं छोटं टूलरूम आहे. २८ वर्षं मोल्ड पॉलिश करतोय. पोलाद कसं आहे ते मला डायमंड पेस्ट लावली की कळतं. ईएसआर, म्हणजे पुन्हा वितळवून शुद्ध केलेल्या पोलादाचा ब्लॉक घेऊन सहा महिने झाले, त्याचा मोल्ड गिऱ्हाइकाकडे रोज चालतोय, म्हणून आता लिहायला बसलो.

काम होतं दुचाकीच्या मागच्या दिव्याच्या पारदर्शक कव्हरचं. असल्या मोल्डची कॅव्हिटी, म्हणजे वस्तूचा आकार देणारी आतली पोकळी, आरशासारखी लागते, कारण पोलादावर टाचणीच्या टोकाएवढं भोक असलं तरी ते प्रत्येक कव्हरवर उमटतं. पहिला ब्लॉक नेहमीच्या डीलरकडून घेतला. तो म्हणाला, ‘१.२०८३ ग्रेडचं मोल्डचं पोलाद आहे, रिफाइन्ड आहे, ईएसआरसारखंच समजा.’ मी समजलो. मशीनिंग झालं, हार्डनिंग करून ५२ एचआरसी हार्डनेस आली, स्टोन मारले, १२०० च्या पेपरपर्यंत सगळं सुरळीत. ३ मायक्रॉनची पेस्ट लावली आणि ट्यूबलाइट तिरकी धरली, तर खसखशीहून बारीक भोकं. प्रत्येकाच्या मागे पॉलिशच्या दिशेनं ओढलेलं शेपूट. पोलादात अडकलेला ऑक्साइडचा कण घासताना उखडतो, जाताना ओरखडा काढतो, आणि जितकं घासाल तितकी नवी भोकं उघडी पडतात. अकरा दिवस गेले. ब्लॉक भंगारात घातला तेव्हा आमच्या हाताखालच्या पोराच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण त्या कॅव्हिटीवर निम्मा हात त्याचा होता.

दुसरा ब्लॉक दुसऱ्या डीलरकडून घेतला, खरा ईएसआर. ईएसआर म्हणजे इलेक्ट्रोस्लॅग रिमेल्टिंग, तयार पोलाद स्लॅगखाली, म्हणजे खनिजांच्या वितळलेल्या थराखाली, पुन्हा वितळवून शुद्ध करणं. भाव साध्या ब्लॉकच्या जवळजवळ दीडपट. मी कुरकुरलो, तर डीलर म्हणाला, ‘चला भाऊ, वितळताना बघा, मग ठरवा.’ त्याचा माल ज्या कारखान्यात बनतो तिथे घेऊन गेला. याबद्दल त्याला पूर्ण मार्क.

वितळलेलं लोखंड म्हणजे ठिणग्या आणि कडकडाट, असं मनात घेऊन गेलो होतो. इथे मात्र एकसुरी घुमणं. पाण्यानं गार ठेवलेला तांब्याचा साचा, वरून त्यात उतरणारा पोलादाचा जाड दांडा, म्हणजे इलेक्ट्रोड, आणि त्याचं टोक बुडालेलं वितळलेल्या स्लॅगमध्ये. भट्टीवरचा माणूस जळगावकडचा निघाला, मराठी ऐकून खुलला. म्हणाला, ‘दादा, इथं वेल्डिंगसारखा आर्क नाही बरं का. करंट स्लॅगमधूनच जातो, तापतो तो स्लॅग, आणि दांड्याचं टोक थेंबाथेंबानं गळतं.’ व्होल्ट जेमतेम ५० च्या आसपास, अँपिअर मात्र हजारांत. प्रत्येक थेंब स्लॅगच्या थरातून खाली येतो, वाटेत गंधक सोडतो, ऑक्साइडचे कण स्लॅगमध्ये विरतात. खाली साच्यात तो लगेच गोठतो, बुडापासून वर, थरावर थर. म्हणून इंगॉटच्या, म्हणजे गोठलेल्या ठोकळ्याच्या, पोटात पोकळी राहत नाही, मधोमध कार्बाइडच्या कडक कणांची दाटी होत नाही.

घाई मात्र चालत नाही. त्यांचा ठोकताळा असा की इंगॉटचा व्यास जितके मिलिमीटर, तासाला साधारण तितकेच किलो वितळवायचे, जमल्यास थोडे कमीच. ४०० मिमीचा इंगॉट मिनिटाला जेमतेम ५-६ मिमी चढतो. शेवटी वीज हळूहळू उतरवतात, नाहीतर डोक्याशी खड्डा पडतो. गार झालेल्या इंगॉटवरून स्लॅगची पातळ साल निघत होती, चिनीमातीच्या कपच्यांसारखी. तिच्याखालचा पोलादाचा पृष्ठभाग मी बोटानं चाचपून पाहिला, रंधा मारल्यासारखा सारखा होता.

स्लॅगमध्ये मुख्य माल फ्लोरस्पार नावाचं खनिज, जोडीला चुना आणि ॲल्युमिना. हा फ्लोरस्पार आपल्याकडे आंबाडुंगरला सापडतो, २०१३ पर्यंत तो भाग आपल्याच बडोदे जिल्ह्यात होता. मला ते ऐकून फार बरं वाटलं. मूळ पेटंट अमेरिकेत १९४० मध्ये हॉपकिन्स यांचं, पण ही पद्धत कारखान्यात खऱ्या अर्थानं उभी केली ती कीव्हच्या पॅटन इन्स्टिट्यूटनं, १९५० च्या दशकात.

आता ब्लॉक. तीच हार्डनेस, तेच पेपर, तीच पेस्ट. ३ मायक्रॉननंतर १ मायक्रॉन. ट्यूबलाइट धरली तर तिच्यावरची कंपनीची अक्षरं उलटी वाचता आली. भोक एकही नाही. पोरानं हाक मारली, ‘काका, मिशी दिसतेय बघा तुमची.’ पॉलिशचे चार दिवस वाचले, म्हणजे दीडपट भावातला बराचसा फरक तिथेच भरून निघाला. हार्डनिंगमध्ये वाकही आधीच्यापेक्षा कमी आला.

तक्रारीही आहेत. माल पाच दिवस उशिरा आला. पहिल्या टेस्ट सर्टिफिकेटवर रिमेल्टिंगचा मेल्ट नंबरच नव्हता, नुसता मूळ हीटचा, म्हणजे पोलाद पहिल्यांदा वितळवलं त्या घाण्याचा, होता. हे मला चालत नाही. मेल्ट नंबर ब्लॉकवर पंचनं ठोकलेल्या नंबराशी जुळल्याशिवाय तो ब्लॉक ईएसआर आहे हे मी कशावरून मानू? दोनदा फोन केल्यावर अल्ट्रासॉनिक तपासणी आणि इन्क्लूजन, म्हणजे आत अडकलेल्या कणांच्या, रेटिंगसकट दुसरं सर्टिफिकेट आलं.

आणखी एक, घेणाऱ्यांसाठी. ईएसआरनं सगळे रोग बरे होत नाहीत. इलेक्ट्रोडमध्ये कार्बन किंवा क्रोमियम चुकलं असेल तर ते चुकलेलंच राहतं. पावसाळ्यात चुना ओल धरतो. स्लॅग नीट भाजला नसेल तर हायड्रोजन पोलादात शिरतो आणि पुढे आतून तडे जातात. त्या कारखान्यात स्लॅग भाजायची वेगळी भट्टी होती, म्हणून मी निर्धास्त झालो. तुम्ही विचारून घ्या. आणि बादलीचा किंवा खुर्चीचा मोल्ड असेल तर साधा ब्लॉक पुरतो, उगाच पैसे घालू नका. पारदर्शक वस्तू, लेन्स, आणि ॲल्युमिनियम डायकास्टिंगचा, म्हणजे वितळलेलं ॲल्युमिनियम दाबून भरायचा, एच१३ पोलादाचा डाय, एवढ्यांना मी यापुढे ईएसआरच घेणार.

डायकास्टिंगसाठी एच१३ चा ब्लॉक त्याच डीलरकडे सांगितलाय. या वेळी आधी सर्टिफिकेट, मग आगाऊ रक्कम, असं ठरलंय, आणि त्यानं ते लगेच मान्य केलं.