टेकड्या-ओढ्यांची नावे नोंदवताना: आधी नामवह्या की आधी पायपीट?

आयर्लंडमधील एखाद्या पॅरिशची, म्हणजे चर्चच्या जुन्या विभागणीतून आलेल्या ग्रामसमूहाची, स्थलनामे नोंदवू पाहणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी-नकाशा खात्याच्या नामवह्या, म्हणजे नावांच्या नोंदवह्या, वाचाव्यात, किंवा जाणत्या माणसांबरोबर रान पालथे घालावे.

नामवह्यांचे मोल मोठे आहे. १८२४ साली मैलाला सहा इंच या प्रमाणावर देशाची मोजणी सुरू झाली आणि १८३० साली तिच्या कामावर रुजू झालेले आयरिश भाषेचे अभ्यासक जॉन ओ'डोनोव्हन यांनी १८३४ पासून पॅरिशमागून पॅरिश हिंडून, वृद्ध आयरिश भाषकांच्या तोंडचे उच्चार ऐकून, जुन्या दप्तरांतील वेगवेगळी रूपे ताडून पाहून नावांची मूळ रूपे लिहून ठेवली. आयरिशमध्ये चर्च आणि वन यांचे शब्द निराळे आहेत. इंग्रजी लेखनात मात्र दोन्ही 'किल' होतात. जिथे आयरिश बोलणारे कोणी उरले नाही, तिथे हा गुंता सोडवताना त्या वह्यांसारखा आधार मिळणे कठीण.

तरीही टेकड्या-ओढ्यांसाठी त्या अपुऱ्या पडतात. ती मोजणी जमिनीच्या करआकारणीसाठी होती. त्यामुळे भर टाऊनलँड या साठ हजारांहून अधिक लहान भूविभागांच्या नावांवर आणि सीमांवर राहिला, तर लहान ओहोळ, उंचवटे, खडक पुष्कळदा सुटले. (आपल्या सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो, पण तोही शेतापुरताच, ओढ्यातल्या डोहासाठी नव्हे.) शिवाय नकाशावर उतरले ते इंग्रजी वळणाचे रूप.

हे सुटलेले पायी फिरूनच हाती लागते. नकाशाकार टिम रॉबिन्सन यांनी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील अॅरन बेटांचा १९७५ चा आणि कॉनेमारा या प्रदेशाचा १९९० चा नकाशा असाच, चालत आणि लोकांना विचारत केला. एकच ओढा वरच्या अंगाला एका नावाने आणि खाली दुसऱ्या नावाने ओळखला जातो, हे त्याच्या काठाने गेल्यावरच कळते. या मार्गाला वेळ फार लागतो, आणि नावामागे सांगितली जाणारी गोष्ट हाच नावाचा अर्थ, असे धरून चालण्याचा धोका असतो. गोष्ट अवश्य लिहावी, पण वेगळ्या रकान्यात.

माझे मत स्पष्ट आहे. ती नावे रोजच्या बोलण्यात वापरणारे एकही वृद्ध माणूस हयात असेल, तर पायपीट आधी. वह्या पुढच्या वर्षीही जागेवर असतील. फक्त निघण्यापूर्वी त्या पॅरिशची वही एकदा वाचून, काय विचारायचे याची यादी करावी. नाव घरात बसून न विचारता त्या जागी उभे राहून विचारावे, उच्चार ध्वनिमुद्रित करावा आणि ओढ्याचे काम उगमापासून खाली, काठावरच्या प्रत्येक घरी थांबत करावे.