मंडईजवळचं काष्ठौषधीचं दुकान: सुटं घ्या, तयार पुडी नको

आईच्या वहीत उटण्याचं माप तोळ्यांत आहे. 'नागरमोथा ५ तोळे, वाळा ५ तोळे, गव्हला-कचोरा मिळून ३ तोळे.' पुण्यात ही यादी वाचून दाखवल्यावर ज्या दुकानात कुणी हसत नाही, असं मला एकच माहीत आहे. मंडईच्या परिसरातलं, काष्ठौषधीचं. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे आणि मला तिथे पुन्हा जायचंय. गाडी नेऊ नका. मेट्रोनं मंडई स्टेशनला उतरा आणि चालत जा.

दुकान अरुंद आणि खोल. दारातच वाळ्याच्या जुड्या टांगलेल्या, आत पत्र्याचे डबे, त्यांवर खडूनं लिहिलेली नावं. स्टुलावर एक वयस्कर काका असतात. ते मालक नाहीत, नोकरीला आहेत. वही पुढे केली तर चष्मा कपाळावर ढकलून अगदी डोळ्यांजवळ नेऊन वाचतात. मी म्हटलं, "तोळा म्हणजे दहा ग्रॅम ना?" तर म्हणाले, "तो सोनाराचा, आत्ताचा. जुना तोळा पावणेबारा ग्रॅमला थोडा कमी. तुमच्या आई काय सोनं मोजत होत्या का, ताई?" पाच तोळ्यांचे त्यांनी साठ ग्रॅम धरले, वर चिमूटभर टाकलं आणि कागदाची पुडी दोऱ्यानं बांधली. प्रत्येक पुडीवर पेन्सिलीनं नाव. घरी आल्यावर कुठलं मूळ कुठलं, हे कोडं सोडवत बसावं लागत नाही.

माल चांगला आहे का? सबंध घेतलात तर हो. आंबेहळदीचा गाठा मोडला की कैरीचा वास यायला हवा, इथला आला. वाळा कोरडा असताना फारसा बोलत नाही, घरी येऊन चार मुळं पाण्यात टाकली तेव्हा माठाजवळचा कोपरा गार वासानं भरला. कपूरकाचरीच्या चकत्या पांढऱ्या, कीड नाही. नागरमोथ्याला मात्र माती होती, बरीच. धुऊन दोन दिवस उन्हात घालावा लागला. हे वजन आपण पैसे देऊन आणतो, तेव्हा पुडी बांधण्याआधी काकांना चाळून द्यायला सांगा. सांगितलं तर देतात.

चंदनाच्या नावाखाली त्यांच्याकडे एक पावडर आहे, शंभर ग्रॅमला ऐंशी रुपये. खरं चंदन किलोला हजारोंच्या भावानं जातं, हा हिशोब करायला फार अक्कल लागत नाही. मी विचारलं, काकांनी नुसती मान हलवली, घ्या म्हणाले नाहीत, घेऊ नका असंही नाही. मी नाही घेतली. आईच्या यादीतही चंदन नाहीच. तिच्यात मसूरडाळ पाव किलो आणि सावलीत वाळवलेली संत्र्याची साल, बाकीचं सगळं मिळून तेवढंच.

आता ती तयार पुडी. मागच्या वर्षी घाई होती म्हणून त्यांचंच 'सुगंधी उटणे' घेतलं, सोनेरी झिप लावलेलं. दुधात कालवून हातांना लावलं, लेपासारखं अर्धा तास ठेवलं, धुतलं आणि गच्चीवर वाल वाळत घालायला गेले. दुसऱ्या दिवशी दोन्ही मनगटं लाल, मग काळसर पट्टे. ते जायला दोन महिने लागले. त्वचेच्या डॉक्टरांनी पाकीट मागवून घेतलं आणि मागच्या बारीक अक्षरांत बोट ठेवलं: बावची. बावचीत सोरालेन असतं, ते लावून उन्हात गेलं की त्वचा भाजते. कोडावर उपचार करताना हेच द्रव्य आणि प्रकाश मोजूनमापून वापरतात. उटण्यात ते कुणी मोजलेलं नसतं.

पाकीट घेऊन मी दुकानात गेले. गल्ल्यावर मालकांचा मुलगा होता. मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "आंटी, सगळं नॅचरल आहे, साइड इफेक्ट नसतो." कण्हेरीचं फूलही नॅचरलच असतं, पण ते कुणी कोशिंबिरीत घालत नाही. मी काही बोलले नाही. निघताना काका हळूच म्हणाले, "बावची लावून उन्हात जायचं नसतं, ताई. पूर्वी आम्ही गिऱ्हाइकाला सांगायचो. आता पाकीट बोलतं." पाकीट मात्र याबद्दल चकार शब्द बोलत नव्हतं. पैसे परत मिळाले नाहीत. यंदाही पाकिटावर तेच बारीक अक्षर आहे, मुद्दाम पाहून आले.

दळण ते करून देत नाहीत, ही दुसरी अडचण. मिक्सरच्या नादी लागू नका, नागरमोथा पात्याला दाद देत नाही. मी आमच्या भागातल्या गिरणीत देते, जिथे शिकेकाईसाठी वेगळं यंत्र आहे. मसाल्याच्या यंत्रात एकदा दिलं होतं. आधीच्या बाईंची मिरची यंत्राच्या पोटात शिल्लक होती आणि नरक चतुर्दशीला पहाटे साडेचारला आमच्या घरात जे नृत्य झालं, त्याला अभ्यंगस्नान म्हणता येणार नाही. साडेपाचशे ग्रॅम दिलं की पाचशेच्या आसपास हाती येतं. शिकेकाई असेल तर नाकाला रुमाल बांधून जा, गिरणीवाल्यासकट सगळी रांग शिंकते.

शिकेकाईबद्दल थोडं. या दुकानातल्या शेंगा जाड, तांबूस, वाजणाऱ्या, उत्तम. रिठा घेताना फसायला होतं. बियांसकट रिठा स्वस्त दिसतो, पण जवळजवळ निम्मं वजन त्या काळ्या टणक बियांचं असतं आणि त्या फेकायच्याच असतात. बिया काढलेला मागा. फेस येतो तो वरच्या सालीतल्या सॅपोनिनमुळे. आमच्याकडे टँकरचं बोअरचं पाणी येतं, त्यात साबणाचा चिकट थर केसांवर बसतो, शिकेकाईचा बसत नाही. पण खरं सांगते, भरपूर तेल लावलं असेल तर दोनदा धुवावं लागतं, डोळ्यांत गेलं तर झोंबतं आणि फडक्यानं नीट गाळलं नाही तर केसांतून भुसा पडतो. प्रवासाला मी शांपूच नेते.

खाण्याच्या वस्तूही इथे आहेत, आणि त्याच खरं तर जास्त भरवशाच्या. हळीव स्वच्छ, खडा नाही. शंभर ग्रॅम हळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवून एक मोठा नारळ आणि पाव किलो गूळ घालून लाडू वळले, लेकीनं बंगळुरूला जाताना डबाच नेला. डिंकाचा एक खडा घरी तुपात टाकून पाहिला, आतपर्यंत फुलला. मोठे खडे मात्र मध्ये कच्चे राहून दाताला चिकटतात. ते आधी फोडून घ्यावेत, यात दुकानाचा दोष नाही. खारीक मला कोरडी वाटली. गोडंबी महाग होती, ती घेतली नाही.

माझे पाचपैकी साडेतीन. एक पूर्ण त्या पाकिटाचा कापला, अर्धा मातीचा.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात जाऊ नका. गर्दी असतेच, पण त्या दिवसांत काका स्टुलावर नसतात. माळ्यावर बसून सोनेरी झिपच्या पिशव्या भरत असतात, आणि तुमच्या आईची यादी मालकांच्या मुलाच्या हातात पडते.