सी. रामचंद्रांची गाणी, आणि खरा ट्रम्पेट

जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाचं तिकीट काढताना हल्ली मी आधी एकच चौकशी करते: वादक किती? दोन कीबोर्ड आणि एक ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) यांच्यावर संगीतकार सी. रामचंद्र उभे राहत नाहीत. परवा पुण्यात झालेल्या कार्यक्रमात पडदा वर गेला आणि ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट घेऊन बसलेली माणसं दिसली. तिथेच निम्मे पैसे वसूल झाले.

पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी, म्हणजेच चितळकरांनी, हिंदी गाण्यात स्विंग (जॅझचा झुलता ठेका) आणला तो चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या वादकांना सोबत घेऊन. 'शहनाई' चित्रपटातलं (१९४७) 'आना मेरी जान संडे के संडे' कीबोर्डवर वाजवलं तर नुसती गंमत उरते. इथे ट्रम्पेट अंगावर आला आणि त्या काळी लोक का दचकले असतील ते कळलं. 'अलबेला'च्या (१९५१) 'शोला जो भडके'ला वन्स मोअर मिळणारच होता. त्यातही बोंगोवाल्याला खास दाद. त्यानं ठेका कुठेही जड होऊ दिला नाही, आणि लय शेवटपर्यंत जागची हलली नाही. ते स्वतः चितळकरांनीच गायलेलं, पण गायकानंही त्यांची नक्कल केली नाही. नट बोलता बोलता गायला लागलाय, असा तो आवाज असतो. ती सहजता त्यानं नेमकी पकडली होती.

पण माझ्यासाठी कार्यक्रम खरा झाला तो लगेच पुढच्या गाण्याला. ब्रासवाले, म्हणजे ट्रम्पेटसारखी वाद्यं फुंकणारे, वाद्यं खाली ठेवून शांत बसले आणि भीमपलास राग सुरू झाला: 'अनारकली'तलं (१९५३) 'ये ज़िंदगी उसी की है'. ही दोन गाणी एकाच माणसाची, तीही दोन वर्षांच्या अंतरानं, हे अशी शेजारी ठेवल्यावरच अंगावर येतं. ज्यानं क्रम लावला त्याला मनापासून धन्यवाद. गायिकेनं मुखड्यात एकही जादा हरकत घेतली नाही. शेवटचा 'अलविदा'चा भागही गायली, जो बहुतेक जण गाळतात.

तक्रारी आहेत. निवेदन फार, आणि दोनदा तर ते गाण्याच्या सुरुवातीच्या म्युझिकवर चढलं. त्या सुरावटीच तर ऐकायला लोक येतात! 'ऐ मेरे वतन के लोगो'ला कीबोर्डचे एवढे मोठे कॉर्ड कशाला? १९६३ साली दिल्लीत पंडित नेहरूंसमोर ते पहिल्यांदा गायलं गेलं. त्याचा सगळा जोर शब्दांत आणि संथ चालीत आहे. 'आज़ाद'चं 'कितना हसीं है मौसम' मात्र घाईत उरकलं.

आणि मराठी? 'घरकुल' चित्रपटाचं 'मलमली तारुण्य माझे' एवढं एकच, तेही मेडलेमध्ये (गाण्यांच्या तुकड्यांच्या माळेत), एक अंतरा कापून. सुरेश भटांचे शब्द, आशाबाईंसाठी बांधलेली चाल, आणि आपल्याच गावात त्याला दीड मिनिट? त्याच चित्रपटाचं 'पप्पा सांगा कुणाचे' तर यादीतच नव्हतं, आणि सभागृहात अर्ध्या लोकांना ते तोंडपाठ असणार.

एवढं असूनही तिकीट जरूर काढा. शक्यतो मधल्या रांगांचं घ्या, पुढे बसलात तर ब्रास गायकांवर चढतो. आयोजकांना एकच विनंती: पुढच्या प्रयोगात निवेदनाची दहा मिनिटं कापा आणि 'घरकुल'ची दोन गाणी पूर्ण घ्या.