टॉर्क मोजणारे मॅग्नेटिक ट्वीझर्स : वर्षभराच्या वापरानंतर

एक टोक पृष्ठभागाला आणि दुसरे सूक्ष्म चुंबकीय मण्याला जोडलेला डीएनएचा एकेक रेणू चुंबकांनी ताणून पिळणारे मॅग्नेटिक ट्वीझर्स १९९६पासून वापरात आहेत. त्या मूळ रचनेत रेणूला वेढे किती दिले हे कळते, पण रेणू त्यांना किती जोराने विरोध करतो हे कळत नाही, कारण आडवे चुंबकीय क्षेत्र मण्याला इतके घट्ट धरते की रेणूच्या टॉर्कमुळे, म्हणजे पिळाविरुद्ध फिरवणाऱ्या जोरामुळे, मण्याचा कोन ढळलेला दिसतच नाही. आम्ही घेतलेल्या संचात पोकळ दंडगोल चुंबक मण्याला वर ओढतो आणि बाजूचा लहानसा चुंबक त्याची दिशा अगदी सैल धरून ठेवतो. २०१०मध्ये डेल्फ्टच्या संशोधकांनी मांडलेली हीच रचना आहे आणि ती येथे चोख उतरली आहे.

खरी परीक्षा होते ती वेळेची. सुमारे ७,९०० बेसजोड्यांच्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांच्या) डीएनएला एक वेढा दिला की टॉर्क जेमतेम १ पिकोन्यूटन-नॅनोमीटरने (हे टॉर्कचे अतिसूक्ष्म एकक) वाढतो. चुंबकाच्या पकडीची ताठरता प्रति रेडियन ५० पिकोन्यूटन-नॅनोमीटर असेल, तर मणी त्याने साधारण १ अंशच सरकतो, आणि उष्णतेमुळे तो मुळातच १६ अंशांच्या आसपास डोलत असतो. त्यामुळे शेकडो स्वतंत्र नोंदींची सरासरी घ्यावी लागते. मण्याचे घर्षण त्रिज्येच्या घनाप्रमाणे वाढत असल्याने २.८ मायक्रोमीटरच्या मण्याला आलेखावरच्या एका बिंदूसाठी दहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो, तर १ मायक्रोमीटरच्या मण्याचे काम अर्ध्या मिनिटाच्या आसपास होते. अर्थात लहान मण्यावर ओढही कमीच मिळते. सोबतचे सॉफ्टवेअर मात्र कोणत्याही मण्यासाठी दहा सेकंदांचीच सरासरी घेते, आणि माहितीपुस्तिकेत याविषयी एक अक्षरही नाही. आमचे पहिले कित्येक आलेख याच पायी वाया गेले.

चुंबक मध्यावर आणण्याचे स्क्रू उत्तम आहेत. रेणू निवडण्याची कटकट कोणत्याही यंत्रात असतेच : सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, येथे मात्र डीएनएच्या दोनपैकी एक धागा तुटला तरी सगळा पीळ निघून जातो आणि तो रेणू निरुपयोगी ठरतो.

सरासरीचा कालावधी हाताने बदलल्यावर, उलटा पीळ देताना सुमारे उणे १० पिकोन्यूटन-नॅनोमीटरला धागे विलग होऊ लागतात, तो सपाट टप्पा आम्हाला स्वच्छ मिळाला. घ्यायचे असल्यास लहान मण्यांसह घ्यावे, आणि सॉफ्टवेअरमधली सरासरीच्या कालावधीची खिडकी उघडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.