पंधरा दिवसांची गॅरंटी

जानेवारीत आमच्या सोसायटीच्या गेटपाशी दर रविवारी एक टेम्पो लागायचा. क्रोटन, एक्झोरा, कुंती, दुरांटा आणि मागच्या फळीवर सात-आठ बोन्साय. विकणारा बोलायला मोठा लाघवी. पहिले तीन रविवार त्यानं मला काही विकलंच नाही, नुसत्या गप्पा मारल्या. माझी बोगनवेल दोन वर्षं नुसती पानंच काढत होती. तो म्हणाला, "ताई, तुम्ही तिचे फार लाड करता. पाणी तोडा. पानं जरा मलूल पडली की मगच द्या." बरोबरच होतं ते. कुंती फुलून गेल्यावर छाटा म्हणाला, तेही बरोबर. माणसाला झाडं कळतात, अशी खात्री पटली आणि चौथ्या रविवारी मी त्यातलं जुनिपरचं, म्हणजे सुरूसारख्या बारीक पानांच्या सूचिपर्णी झाडाचं, बोन्साय घेतलं. घासाघीस करून साडेतीन हजारांना!

"बारा वर्षांचं आहे. हॉलमध्ये टीपॉयवर ठेवा. पंधरा दिवसांत काही झालं तर बदलून देतो." पावती मागितली तर हसला. "दर रविवारी इथंच असतो की मी."

आणि खरंच होता. पंधरा दिवस पुरे झाले त्या रविवारी स्वतःहून विचारलंन, "कसं आहे झाड?" मी म्हटलं, हिरवंगार. त्यानंतर टेम्पो दिसला नाही.

पाचव्या आठवड्यात हिरव्यावर खाकी झाक आली. हात लावला तर भुसा पडावा तशी पानं गळाली. नखानं साल खरवडली. आत ओला हिरवा थर दिसायला हवा, तिथं कोरडं तपकिरी लाकूड. कुंडी उपडी केली, तरी वरचे पांढरे खडे जागचे हलेनात. डिंकानं चिकटवलेले! मी रोज घालत होते ते पाणी कडेनं खाली ताटलीत उतरत होतं आणि मी समजत होते, निचरा काय छान आहे. खड्यांखाली ठणठणीत कोरडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यात नर्सरीची काळी पिशवी तशीच, आणि पिशवीत करवतीनं कापलेली अंगठ्याएवढी मुळं. एक पांढरं तंतुमूळ म्हणून नाही.

जुनिपर मेलं तरी कित्येक आठवडे हिरवं दिसतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मुळं कापलेल्या जास्वंदीनं दोन दिवसांत मान टाकली असती. म्हणजे त्याची गॅरंटी झाडाच्या मरणाचा हिशेब करूनच बेतलेली. त्यातून हे झाड मोकळ्या हवेचं, उन्हाचं. टीपॉयवर तर धडधाकट जुनिपरही टिकलं नसतं.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याच्याकडूनच 'चाळीस वर्षांचा वड' आठ हजारांना घेतला. तो वड नाहीच, वडाचा भाऊबंद नांदरूक आहे. खाली मुळं फुगवून जाड केलेली, वर बारीक पानांच्या जातीच्या फांद्यांची कलमं. कापल्याचा वण अजून दिसतो. असं खोड थोड्या वर्षांतही तयार होतं. त्यांचं झाड जगलंय, एवढं त्यांचं नशीब.

त्याचा फोन बंद. यूपीआयवर नाव भलत्याचंच. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये गाडी नंबरच्या रकान्यात 'झाडवाला' एवढंच.

तुमच्या गेटवर असा कुणी आला तर खडे बोटानं हलवून बघा, बुंधा धरून हळूच डोलवा. रुजलेलं झाड मातीसकट हलतं, नुसतं खोचलेलं एकटंच डुगडुगतं. साल जराशी खरवडू का, असं विचारा आणि त्याच्या तोंडाकडे बघा. पावती देत नसेल तर शंभराचं क्रोटन घ्या आणि वर या.

बोगनवेल मात्र मार्चमध्ये अशी फुलली की पान दिसेना. पाणी त्याच्याच हिशेबानं घालतेय.